सहावं आणि सातवं रीळ

“रिळांचं विचारायला आला असाल तर तसंच परत जा,” शांतवन त्रिभुवन म्हणाले. दार त्यांनी अर्धंच उघडलं होतं आणि त्या अर्ध्यात स्वतः उभे होते.

मी सिनेमाचं नावही घेतलं नव्हतं. फक्त एवढंच म्हटलं होतं, की मी नीलिमा खासनीस, नाशिकला पेपरात काम करते, विंडसर टॉकीजबद्दल थोडं विचारायचं होतं.

“विंडसरबद्दल मला कोणी दुसरं काय विचारणार?” ते म्हणाले.

आतून बाईचा आवाज आला, “बाबा, उन्हात नका उभं करू त्यांना.” त्यांची मुलगी करुणा पुढे आली, दार पूर्ण उघडलं आणि मला खुर्ची दिली. ती देवळाली कॅम्पातल्याच एका शाळेत शिकवत होती. वयानं माझ्याएवढीच, अठ्ठावीस-तीसची असेल. हे एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालच्या एप्रिलमधलं.

मला तेव्हा एकच वेड होतं. जुने ब्रिटिश रहस्यपट. धुकं, बंदर, भाड्याच्या खोलीत राहणारा गप्प माणूस, जिन्यावरची पावलं. आमच्या सिनेमंडळात बाकीचे मोठमोठ्या दिग्दर्शकांवर बोलायचे, आणि मी, ज्यांची नावं कोणी ऐकली नाहीत असे सत्तर मिनिटांचे सिनेमे शोधत बसायची. इंग्लंडमधल्या नॉरिच गावच्या हॅल्डन नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थाशी माझा पत्रव्यवहार होता. तो अशा सिनेमांच्या पूर्ण प्रती शोधायचा. ‘द टिल्बरी टिकेट’ हा त्याचा जन्माचा ध्यास. त्रेपन्न सालचा सिनेमा. एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायचे म्हणून तिकडे तो कापून सदुसष्ट मिनिटांचा केला आणि कापलेला भाग फेकून दिला. मूळचा चौऱ्याऐंशी मिनिटांचा सिनेमा इंग्लंडात कुणाकडेच उरला नव्हता. पण बाहेरदेशी पाठवलेल्या प्रती आधीच निघाल्या होत्या, त्या पूर्ण होत्या, आणि त्यातली एक हिंदुस्थानात आली होती.

तिचा माग काढत मी पेपरच्या जुन्या फायलींपर्यंत पोचले. सत्तावन्न सालच्या एका अंकात चार ओळींची बातमी होती. देवळालीच्या विंडसर टॉकीजमधून इंग्रजी चित्रपटाची दोन रिळं गायब. ऑपरेटर शांतवन त्रिभुवन याच्यावर संशय.

“माझ्याकडं का आलात ते खरं सांगा,” त्रिभुवन म्हणाले.

“जुन्या पेपरात तुमचं नाव वाचलं.”

“म्हणजे चोर म्हणून आलात.”

खरं तेच होतं. यांनीच चोरली असतील, कुठंतरी माळ्यावर पडली असतील, गोड बोलून काढून घेऊ, असाच माझा विचार होता.

त्यांनी मला पाणी पिऊ दिलं आणि मग सांगितलं. नऊ रिळांचा सिनेमा. आठवडाभर चालला. शुक्रवारी सकाळी डबे मोजून, पेटीत भरून त्यांनीच स्टेशनवर पोचवले. मुंबईला पेटी उघडली तर सहाव्या आणि सातव्या डब्यात भलतीच फिल्म, जुन्या जाहिरातींचे तुकडे. वजन बरोबर, डबे बरोबर. म्हणजे ज्याला रिळं हाताळता येतात त्यानंच हे केलं, असं मालक म्हणाला. रिळं हाताळता येणारा माणूस टॉकीजमध्ये एकच होता.

“पोलीस आले. आईची पेटी रस्त्यावर उलटी केली,” ते म्हणाले. “तिची लुगडी सगळ्या आळीनं पाहिली. खटला नाही झाला, पुरावाच नव्हता. पण त्यानंतर नाशिकपासून मनमाडपर्यंत एकाही थेटरानं मला मशिनला हात लावू दिला नाही.”

“मग काय केलंत?”

“सॅनिटोरियमच्या फाटकावर राखणीला बसलो. एकतीस वर्षं. तेही देवस्थळी मास्तरांनी चिठ्ठी दिली म्हणून. मोठा माणूस. सगळं गाव तोंड फिरवून जायचं तेव्हा ते एकटे माझ्याशी उभं राहून बोलायचे.”

“आमचे देवस्थळी सर?”

“कॉलेजातले. तुम्ही ओळखता?”

ओळखत होते म्हणजे काय, मी त्यांच्याच हाताखाली तयार झाले होते. त्यांनी मला इंग्रजी शिकवलं, सिनेमा बघायला शिकवलं, पेपरातली नोकरी त्यांच्याच शब्दावर मिळाली. सिनेमंडळ त्यांनीच काढलं होतं. त्रिभुवनांच्या घरी त्यांचं नाव ऐकून मला बरं वाटलं.

निघताना म्हातारे फाटकापर्यंत आले. “बाई, तुम्ही शोधणाऱ्यातल्या दिसता,” ते म्हणाले. “ती रिळं कधी सापडली, तर मला नकोत. फक्त कुठं होती तेवढं सांगा.”

“नक्की सांगेन, काका.”

“सांगाल ना?”

“शब्द देते,” मी म्हटलं.

मी हॅल्डनला लिहिलं की मार्ग खुंटला. सरांनाही सगळं सांगितलं, त्रिभुवनांच्या आईच्या लुगड्यांसकट. ते खिडकीपाशी उभे राहून ऐकत होते. “हं,” म्हणाले, आणि मला दुसऱ्याच कुठल्यातरी पुस्तकाबद्दल विचारू लागले.

तीन आठवड्यांनी त्यांचा निरोप आला. रविवारी सकाळी ये, एकटीच ये.

सर एकटे राहायचे. त्यांची पत्नी वारल्याला दहा वर्षं झाली होती, मुलगा परदेशात. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. पलंगाखालून एक पत्र्याची ट्रंक ओढून बाहेर काढली होती. झाकण उघडल्याबरोबर लोणच्यात घालतात त्या व्हिनेगरचा आंबट वास नाकात गेला.

“वास येतोय ना?” सर म्हणाले. “फिल्म कुजायला लागली की असा वास सुटतो. मागच्या पावसाळ्यापासून वाढलाय. अजून दोन वर्षं गेली तर काही उरणार नाही.”

दोन चपटे डबे होते. मी एक उघडला. कडेनं फिल्म किंचित वेडीवाकडी झाली होती, पण आतून स्वच्छ होती. मी पहिलं हातभर सोडवून खिडकीच्या उजेडात धरलं. पट्टीवर इंग्रजीत सिनेमाचं नाव आणि सहाचा आकडा होता.

मला काय वाटलं ते आज सांगायचीही लाज वाटते. पहिल्यांदा मला अतिशय आनंद झाला. मी हसतसुद्धा होते. त्रिभुवनांची आठवण मला नंतर झाली, आणि झाली तेव्हा मी डबा खाली ठेवला.

“सर, ही तुमच्याकडे कशी?”

“मालक माझा मित्र होता. ऑपरेटरच्या खोलीत मला मोकळीक होती. शांतवननंच मला रिळं चढवायला, जोडायला शिकवलं. हौस म्हणून.” ते पलंगावर बसले. “मी तो सिनेमा त्या आठवड्यात सात वेळा पाहिला, नीलिमा. तिशीचा होतो. वाटलं, ही दोन रिळं परत गेली तर आयुष्यात पुन्हा दिसणार नाहीत. शुक्रवारी सकाळी शांतवन चहा प्यायला खाली गेला, तेवढ्यात बदलली.”

“त्यांच्या घराची झडती झाली.”

“ठाऊक आहे.”

“तुम्ही तेव्हा काही...”

“नाही बोललो. कॉलेजात मला कायम व्हायचं होतं. आज बोलू, उद्या बोलू असं करत राहिलो. मग त्याला नोकरी लावून दिली.” मग त्यांचा वर्गातला आवाज परत आला. “पण एक लक्षात घे. मी ती घेतली नसती, तर बाकीच्या सात रिळांसारखी तीही भंगारात गेली असती. तिकडे कापलेला भाग यांतच आहे. जगात हा सिनेमा आज पूर्ण होऊ शकतो तो यांच्यामुळे.”

त्यात खोटं काही नव्हतं.

“तू हॅल्डनला लिही,” सर म्हणाले. “लंडनमध्ये फिल्मा जतन करणारी संस्था आहे, ते विमानानं मागवून घेतील. श्रेय सगळं तुझं. माझं नाव मात्र कुठं यायला नको.”

“मग कुठं सापडली म्हणून सांगू?”

“मुंबईला चोरबाजारात. जुन्या सामानाच्या दुकानात. कोण तपासायला जाणार आहे?”

मी लगेच हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. सरांनी एवढंच म्हटलं, “तुला नको असतील तर मी तशीच ठेवतो. कुजतील. मला दुसऱ्या कोणावर विश्वास टाकता येणार नाही.” मी रिक्षा बोलावली आणि ते दोन डबे मांडीवर घेऊन घरी आले. वाटेत स्वतःला सांगत होते, आधी रिळं वाचू देत, त्रिभुवनांचं नंतर बघू.

हॅल्डननं उत्तरादाखल तार केली. रिळं महिन्याभरात लंडनला गेली. आमच्या संपादकांनी रविवारच्या पुरवणीत अर्धं पान दिलं. ‘चोरबाजारात सापडला हरवलेला सिनेमा’. माझा फोटो छापला. मी रंगवून लिहिलं होतं. गल्लीबोळ, तांब्याच्या समया, ग्रामोफोनचे भोंगे, हिरव्या दाराचं दुकान, आणि किंमत न कळणारा दाढीवाला दुकानदार. देवळालीच्या विंडसर टॉकीजचा उल्लेखही केला, कारण त्याशिवाय गोष्टीला रंग येईना. त्रिभुवनांचं नाव मी लिहिलं नाही. ते गाळलं याचंच मला समाधान होतं.

चौथ्या दिवशी ते ऑफिसात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पेपराची घडी. बसले नाहीत.

“बाई, सापडली म्हणे. बरं झालं,” ते म्हणाले. “तुम्ही सांगायला येणार होता.”

“कामात राहून गेलं, काका.”

“असू दे. मी आलोच.” त्यांनी पेपर उघडला. “हा दुकानदार. यानं ती कोणाकडनं घेतली ते विचारलंत का?”

“त्याला आठवत नव्हतं.”

“नाव काय त्याचं?”

“नाव... नाही विचारलं.”

“असं कसं? पेपरवाल्या ना तुम्ही?” ते रागानं बोलत नव्हते, त्यांना खरंच नवल वाटलं होतं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “त्याचं असं झालंय बाई, की आतापर्यंत लोकांना नुसता संशय होता. निम्मे विसरलेही होते. आता रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर एक जण सगळ्यांसमोर म्हणाला, शांतवनकाका, चोरबाजारात किती मिळाले तेव्हा? हसत म्हणाला. म्हणजे त्यांचा हिशेब जुळला. चोरली, आणि तिथं नेऊन विकली.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी त्यांचं नाव वाचवलं अशा समजुतीत होते.

“तो दुकानदार भेटला, आणि कोणी विकली ते त्यानं सांगितलं, तर तुम्ही दोन ओळी छापाल का?” त्यांनी विचारलं.

“छापेन.”

“दुकान कुठंशी?”

मी त्या क्षणी सांगू शकले असते. समोर सहायक संपादक बसले होते, त्यांचे कान आमच्याकडे होते. लेख खोटा निघाला तर नोकरी जाणार होती. लंडनहून पत्र आलं होतं की सिनेमा जोडून झाला की पहिल्या खेळाला तुम्हाला बोलावू. या सगळ्याचा विचार करायला मला फारसा वेळ लागला नाही.

“मशिदीच्या मागच्या गल्लीत,” मी म्हटलं. “हिरवं दार आहे.”

त्यांनी ते पेपराच्या कडेला पेन्सिलीनं लिहून घेतलं आणि मला नमस्कार करून गेले.

पंधरा दिवसांनी करुणा आली. ती शाळेतून थेट आली होती, हाताला खडू लागलेला होता. मी तिला खाली चहाच्या टपरीवर नेलं.

“बाबा मुंबईहून काल आले,” ती म्हणाली. “चार दिवस होते. भायखळ्याला आमचे एक नातेवाईक आहेत, त्यांच्याकडे राहिले. रोज सकाळी जायचे आणि संध्याकाळपर्यंत फिरायचे. त्या भागात हिरवी दारं सतरा आहेत म्हणे. सगळीकडे विचारलं. एकानं हाकललं, एकानं बसवून सरबत पाजलं. जुनी फिल्म घेतलेला कोणी नाही. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडले.”

“आता कसे आहेत?”

“झोपून आहेत. पण परत जायचं म्हणतात. गल्ली चुकली असेल म्हणतात.” तिनं कप हातातच धरला होता, प्यायला नव्हता. “ताई, मी तुम्हाला एकच विचारायला आले. ते दुकान खरंच आहे ना? नसेल तर मला सांगा. मी कोणाला बोलणार नाही. फक्त त्यांना जाऊ देणार नाही.”

टपरीवाल्याचा स्टोव्ह आवाज करत होता. मी तिच्याकडे बघितलं नाही, स्टोव्हकडे बघत होते.

“आहे,” मी म्हटलं. “पण दुकानदार म्हातारा होता. बंद केलं असेल.”

ती म्हणाली, “बरं. तेच सांगते त्यांना.” कप तसाच खाली ठेवून ती बसस्टँडकडे गेली.

आधीची खोटी गोष्ट मी सरांसाठी लिहिली असं म्हणता आलं असतं. ही मात्र माझी स्वतःची होती.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात मी लंडनला गेले. दीडशे माणसांचं छोटं सभागृह होतं. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर पाटी आली, त्यात माझं नाव होतं. ही रिळं भारतात शोधून वाचवणाऱ्या अमुकअमुक. टाळ्या झाल्या. हॅल्डन शेजारी बसला होता, ऐंशीचा, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सहावं रीळ लागलं तेव्हा त्यानं माझा हात धरला. मी पडदा बघण्याचा प्रयत्न केला. माझ्या लक्षात पडद्यापेक्षा मागच्या भिंतीतली ती छोटी चौकोनी खिडकी राहिली, जिच्यातून प्रकाश येत होता. मी दोनदा वळून तिकडे पाहिलं. आत कोण होतं दिसलं नाही.

परत आल्यावर कळलं की त्रिभुवन जुलैतच गेले होते. मला कोणी कळवलं नव्हतं, कळवायचं कारणही नव्हतं. सरांना मी सांगितलं. ते म्हणाले, “चांगला कारागीर होता.” त्यानंतर मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं, पण बंद केलं नाही. दर गुरुपौर्णिमेला फुलं घेऊन जात होते. त्यांच्या पंचाहत्तरीला नाशिकमध्ये मोठा सत्कार झाला, त्यात मी भाषण केलं आणि ते लोकांना आवडलं.

दोन हजार चार साली सर वारले. दहा-बारा दिवसांनी मी कोरा कागद घेतला आणि सगळं लिहून काढलं. कोणी घेतली, कुठे होती, चोरबाजार कसा खोटा, मी काय केलं. खाली सही केली. दुसऱ्या दिवशी देवळालीला गेले.

घर तेच होतं. करुणा आता मुख्याध्यापिका झाली होती. केस पिकले होते, चष्मा लागला होता. तिनं मला ओळखायला वेळ लावला नाही.

“या,” ती म्हणाली. “बसा.”

मी कागद तिच्या हातात दिला. तिनं उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली आणि पान उलटल्यावर खाली बसली. वाचून झाल्यावर कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मी वाट बघत होते की ती ओरडेल, मला बाहेर काढेल. मला ते हवं होतं.

“देवस्थळी मास्तर,” ती शेवटी म्हणाली. “माझ्या लग्नात आहेर घेऊन आले होते. बाबांनी त्यांना पहिल्या खुर्चीवर बसवलं होतं.”

“मी हे छापणार आहे, करुणाताई. पेपरात, नावासकट. तुमच्या बाबांचं नाव स्वच्छ व्हायला पाहिजे.”

“नका छापू.”

“का?”

“आता इथं कोणाला काही आठवत नाही. म्हणणारे सगळे गेले. माझ्या मुलांना माहीतसुद्धा नाही की आजोबांवर असं काही आलं होतं. त्यांच्यासाठी ते नुसते आजोबा आहेत. तुम्ही छापलंत की आधी लोक विचारतील, कुठली चोरी? मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल.” तिनं कागदाची नीट घडी घातली. “तेव्हा छापायला पाहिजे होतं. तेव्हा ते जिवंत होते.”

“माझं चुकलं,” मी म्हटलं.

“हो,” ती म्हणाली.

घडी तिनं मला परत दिली. तिचं आणि तिच्या वडिलांचं खरं नाव म्हणूनच मी इथे लिहिलेलं नाही. सरांचं, माझं आणि टॉकीजचंही नाही, कारण त्यांवरून बाकीची नावं निघतील.

मी उठले. ती मला दारापर्यंत सोडायला आली आणि तिथं थांबली.

“एक विचारू? त्या दोन रिळांत होतं काय? बाबा मशिनपाशी असायचे, त्यांचं लक्ष एक रीळ संपून दुसरं लागतं त्या जोडाकडे. विचारलं की म्हणायचे, नीट आठवत नाही.”

मी तिला सांगितलं. सिनेमातला खुनी माणूस पळून जाण्याआधी आईच्या घरी येतो. आई बहिरी आहे, तिला काही ठाऊक नाही. ती त्याला जेवायला वाढते. दोघं जेवतात. तो ताट धुऊन ठेवतो, तिच्या चुलीत कोळसे घालतो, खिडकीची कडी सैल झालेली असते ती बसवून देतो. मग टोपी घालतो आणि बंदराकडे चालत जातो. सगळं मिळून सतरा मिनिटं, एक शब्दही बोलणं नाही.

करुणा ऐकत होती. माझं संपल्यावरही ती पुढचं ऐकायला थांबली.

“एवढंच?” तिनं विचारलं.

“एवढंच,” मी म्हटलं.